लॉनमोअरची दोरी हलत नाही: केबल दुरुस्त करावी की बदलावी?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. सोसायटीच्या हिरवळीसाठी सहा वर्षांपूर्वी घेतलेले, पेट्रोलवर चालणारे आणि मागून ढकलायचे लॉनमोअर या जूनमध्ये बाहेर काढले, तेव्हा ते सुरू करण्याची दोरी हलेना. जवळच्या मेकॅनिकने इंजिन जाम झाल्याचे सांगून ते पूर्ण उघडण्याचा सल्ला दिला. माळीकाकांनी मात्र हँडलवरची कमान, म्हणजे यंत्र चालवताना हँडलशी दाबून धरायचा दांडा, हँडलशी घट्ट आवळून तारेने बांधली, तेव्हा दोरी ओढली गेली आणि यंत्र सुरूही झाले. तेव्हापासून गवत त्याच अवस्थेत कापले जात आहे. आता कमानीपासून इंजिनापर्यंत जाणारी केबल दुरुस्त करावी की नवी घालावी, आणि स्कूटरच्या ब्रेकची केबल तिथे चालेल का, असे आपण विचारले आहे.

सर्वांत आधी ती बांधलेली तार सोडवा आणि केबल बदलेपर्यंत यंत्र चालवू नका. आपल्या वर्णनावरून इंजिन बहुधा ठणठणीत आहे आणि दोष केबलमध्येच आहे. ही केबल जोडतोड न करता पूर्ण बदलावी, आणि स्कूटरची केबल तिथे घालू नये. इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी केबल आणि चाके फिरवणारी केबल यांच्याबाबत माझे मत इतके कडक नाही. त्या नीट दुरुस्त करता येतात. हा फरक मी का करतो, ते कमानीच्या केबलचे काम पाहिल्यावर लक्षात येईल.

इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, असते आणि त्याच्या कडेला ब्रेकचा एक छोटा पॅड. एक दणकट स्प्रिंग हा पॅड फ्लायव्हीलवर सतत दाबून ठेवते आणि त्याच भुजेमुळे इग्निशनचा प्रवाह इंजिनाच्या धातूला जोडला जातो, म्हणून प्लगला ठिणगी मिळत नाही. म्हणजे यंत्राची स्वाभाविक अवस्था थांबलेली असते. माणसाने कमान हँडलशी दाबून धरली की केबल ती भुजा ओढते, पॅड फ्लायव्हीलपासून सुटतो आणि ठिणगीचा मार्ग मोकळा होतो. कमान सोडली की स्प्रिंग आपले काम करते. अमेरिकेत जून १९८२ नंतर तयार होणाऱ्या, मागून ढकलायच्या यंत्रांना कमान सोडल्यापासून तीन सेकंदांच्या आत पाते थांबलेच पाहिजे असे बंधन आले. आपल्याकडे मिळणारी बरीच यंत्रे त्याच रचनेची असतात. काही महागड्या यंत्रांत कमान सोडल्यावर इंजिन चालू राहते आणि फक्त पाते सुटून थांबते, परंतु तिथेही केबलची जबाबदारी हीच.

या रचनेत केबल तुटली तर ब्रेक लागलेला राहतो, दोरी हलत नाही आणि यंत्र बंद राहते. गैरसोय होते, पण इजा होत नाही. केबल आवरणात गंजून अडकली तर मात्र कमान सोडल्यावरही भुजा परत येत नाही आणि पाते फिरत राहते. तुटलेल्या केबलची तक्रार लगेच माझ्याकडे येते. अडकलेल्या केबलची सहसा येतच नाही, कारण यंत्र चालत असते. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या केबलची. कमान तारेने बांधणे म्हणजे चांगली केबल मुद्दाम अडकलेली करून ठेवणे होय.

एका क्रीडासंकुलात मी देखभालीचे काम पाहत असताना अशीच कमान बांधलेले यंत्र ओल्या गवताने तुंबले. इंजिन घुटमळत होते, पण बंद पडले नव्हते. ते बंद पडले असे समजून यंत्र चालवणाऱ्या तरुणाने गवत बाहेर पडण्याच्या तोंडात हात घातला आणि त्याच्या दोन बोटांची टोके गेली. कमान मोकळी असती तर हात खाली नेण्यासाठी त्याला ती सोडावीच लागली असती आणि तेवढ्यात पाते थांबले असते. त्या दिवसापासून बांधलेली कमान दिसली की मी आधी ती सोडवतो आणि मगच बाकीचे बोलतो.

आता तपासणी. हात लावण्यापूर्वी प्लगवरची टोपी काढावी आणि ती परत प्लगला टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी. इंजिन गरम असल्यास ते निवू द्यावे, कारण केबलचे खालचे टोक अनेक यंत्रांत सायलेन्सरच्या जवळच असते. यंत्र आडवे करावेच लागले, तर कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर असलेली बाजू वर ठेवावी. उलट बाजूने आडवे केल्यास तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि दोरी जाम होण्याचे एक नवेच कारण आपण निर्माण करतो.

हे काम दोघांनी करणे सोयीचे. एकाने कमान पूर्ण दाबून धरावी आणि दुसऱ्याने इंजिनाकडची ब्रेकची भुजा पाहावी. ती शेवटपर्यंत न सरकता अर्ध्यावर थांबत असेल, तर पुरेशी ओढ तिथपर्यंत पोहोचत नाही, हे उघड आहे. मग एकाने ती भुजा पकडीने धरून हाताने शेवटपर्यंत ओढून धरावी आणि दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढावी. दोरी सुरळीत आली, तर इंजिन निर्दोष आहे आणि ते उघडण्याचा खर्च वाचला. तरीही दोरी हललीच नाही, तर पात्याभोवती गेल्या हंगामाचे वाळलेले गवत घट्ट बसले आहे का ते पाहावे, आणि त्यानंतर प्लग काढून दोरी ओढून पाहावी. सिलिंडरमध्ये तेल साचले असेल तर ते प्लगच्या छिद्रातून बाहेर येते, म्हणून चेहरा दूर ठेवावा. एवढे करूनही इंजिन फिरले नाही, तरच ते उघडण्याचा विचार करावा.

दोष केबलचा आहे असे दिसल्यावरही तो नक्की कुठे आहे, ते ठरवायला हवे. केबलचे इंजिनाकडचे टोक भुजेतून सोडवून घ्या आणि कमान उघडझाप करून पाहा. केबल अडखळत असेल तर दोष तिच्यात आहे. ती सहज सरकत असेल, तर भुजेची खीळ गंजली आहे का आणि भुजा सोडल्यावर स्प्रिंग तिला जोरात परत नेते का, ते बोटाने तपासा. केबल बदलूनही ‘तीच तक्रार’ घेऊन आलेल्या कित्येक यंत्रांत मला भुजेच्या सांध्यात मातीचा आणि गवताच्या रसाचा वाळलेला थर सापडला आहे.

तार ताणली गेली, असे सगळेच म्हणतात, परंतु पोलादी तार या कामाच्या ओढीने सहसा लांबत नाही. या प्रकारच्या केबलला बोडेन केबल म्हणतात. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिचे मर्म असे की आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने बाहेरचे आवरण दाबले जाते. सायकलच्या ब्रेकमध्येही हेच घडते. त्यामुळे आवरण वळणात पिचले, त्याच्या टोकाची प्लॅस्टिकची खोबण तडकली किंवा ते बसवलेली पत्र्याची पट्टी वाकली, तर आवरण तेवढे आत सरकते आणि आपल्याला तार लांबल्यासारखी वाटते. आपल्या यंत्रात कमान तारेने आवळावी लागली, यावरून मला नेमका हाच संशय येतो, कारण त्या जादा आवळण्यातून हरवलेले दोनचार मिलिमीटर परत मिळाले असावेत. म्हणून नवी केबल आणण्यापूर्वी आवरणाची दोन्ही टोके आणि ती बसवलेल्या पट्ट्या आधी पाहा. पट्टीच वाकली असेल, तर ती सरळ केल्यावर जुनी केबलही नीट काम करते.

आपल्या वर्णनात एक तपशील नाही आणि तो महत्त्वाचा आहे: यंत्र ठेवताना त्याचे हँडल दुमडले जाते का? सोसायटीच्या कोठारात जागा अपुरी असल्यामुळे बहुतेक ठिकाणी ते दुमडतात. दुमडताना केबल दोन नळ्यांच्या मध्ये चिमटली जाते, आवरणाचा पीळ उघडतो, आणि पावसाळ्यात तिथून पाणी शिरून आतली तार गंजते. माझ्या हाताखालून गेलेल्या केबलींपैकी सर्वांत जास्त याच सांध्यापाशी गेल्या आहेत. त्याखालोखाल सायलेन्सरला टेकून वितळलेल्या आणि मग कमानीच्या टोकाशी एकेक तंतू तुटत गेलेल्या.

या केबलची दुरुस्ती मी का नाकारतो, त्याचे कारण तिच्या टोकांत आहे. कारखान्यात तारेच्या टोकावर धातूचे निपल, म्हणजे तार अडकून राहावी म्हणून असलेले बोंड, साच्यात ओतून किंवा दाबयंत्राने बसवतात. ते निघाले तर बाजारात स्क्रूने आवळायचे निपल मिळते, पण स्क्रू तारेचे तंतू चिरडतो आणि काही आठवड्यांत त्याच ठिकाणी तार तुटते. तार तुटली तर यंत्र थांबेल, हे खरे. पण तुटण्यापूर्वी सुटलेले तंतू आवरणाच्या तोंडाशी उलटे वळून अडकतात आणि तेव्हा कमान सोडूनही भुजा परत येत नाही. स्कूटरच्या केबलचा प्रश्नही वेगळा नाही. तिची तार जाड आणि कमी लवचिक असते, निपलचा आकार जुळत नाही, आणि ती बसवण्यासाठी मेकॅनिक भुजेतले छिद्र मोठे करतो किंवा मध्येच तारेची गाठ मारतो. अशी केबल ओढते चांगली, मात्र परत येताना रखडते. मूळ केबल मिळत नसेल, तर दोन्ही टोके कारखान्यातच बसवलेली आणि मापाने तंतोतंत जुळणारी तयार केबल घ्यावी. तोपर्यंत यंत्र बंद ठेवून पाठीवरच्या ब्रश कटरने काम भागवावे.

सुटा भाग मागवताना एक चूक नेहमी होते. लोक इंजिनावरचा क्रमांक देतात आणि दुकानदार त्या इंजिनाच्या यादीत केबल शोधत बसतो. इंजिन एका कंपनीचे आणि यंत्र दुसऱ्या कंपनीचे असणे ही यात सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि केबलची लांबी हँडलवर अवलंबून असल्यामुळे ती यंत्राच्या कंपनीच्या यादीत असते. म्हणून यंत्राच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या पट्टीवरचा क्रमांक द्यावा. पट्टी पुसली गेली असल्यास तीन मापे घ्यावीत: आवरणाची टोकापासून टोकापर्यंत लांबी, तार पूर्ण ढिली असताना आवरणाबाहेर दिसणारी तिची दोन्ही बाजूंची मिळून लांबी, आणि कमान उघडझाप करताना तार प्रत्यक्ष किती सरकते ते अंतर. केवळ एकूण लांबी सांगून आणलेली केबल बहुधा चुकीची निघते. दोन्ही टोकांची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून काढल्यास दुकानदाराचेही काम सोपे होते.

नवी केबल हाती आल्यावर जुनी लगेच काढू नका. नवी केबल जुनीच्या शेजारून, त्याच वळणांनी आणि त्याच अडकवण्यांतून आधी नेऊन ठेवा, कारण जुनी काढल्यावर मूळ मार्ग आठवत नाही आणि जवळचा मार्ग नेमका सायलेन्सरवरून जातो. मग जुनीचे कमानीकडचे टोक सोडवा. ते बहुधा इंग्रजी झेड अक्षरासारखे दोनदा वाकवलेले असते. पकडीने ते सरळ करण्याची गरज नाही, केबल काटकोनात फिरवली की ते छिद्रातून आपोआप बाहेर येते. नव्या केबलचे टोक तर कधीच सरळ करून पुन्हा वाकवू नये, कारण ती तार दुसऱ्या वाकवण्याला तुटते. इंजिनाकडे आवरणाच्या टोकाला प्लॅस्टिकचे दोन कान असतात. ते लांब चोचीच्या पकडीने दाबून खोबणीतून बाहेर काढावे आणि नंतर तार भुजेतून सोडवावी. नवी बसवताना याच्या उलट क्रमाने जावे: आधी भुजा, मग खोबण, शेवटी कमान. कान बसल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी केबल हँडलला बांधताना तिच्याखाली काडेपेटीची काडी सरकेल एवढी सैल ठेवावी. आवळलेली पट्टी आवरण दाबते आणि तार रखडते.

यानंतरची जुळवणी घाईने करू नये. कमान सोडलेली असताना केबल किंचित सैल हवी, दोन मिलिमीटरच्या आसपास. ती ताठ असेल, तर ब्रेकचा पॅड फ्लायव्हीलवर पूर्ण जोराने टेकत नाही आणि यंत्र थांबायला वेळ लागतो. कमान पूर्ण दाबल्यावर मात्र पॅड फ्लायव्हीलपासून संपूर्ण सुटला पाहिजे, नाहीतर तो घासत राहून झिजतो. केबलवर जुळवणीचा नट असेल, तर या दोन टोकांमधली जागा त्याने शोधावी. नसेल, तर पट्टीचे स्थान तपासावे. हँडलची उंची बदलता येत असल्यास ही पाहणी प्रत्येक उंचीला पुन्हा करावी. मग प्लगची टोपी लावून यंत्र सपाट आणि मोकळ्या जागी सुरू करावे, पाय मागे ठेवून कमान सोडावी आणि थांबायला लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. असे सलग दहा वेळा करावे. एकदाही तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर यंत्र माळीकाकांच्या हाती देऊ नये. केबल मोकळी असूनही वेळ जास्त लागत असेल, तर पॅड झिजला आहे किंवा त्याच्यावर तेल पडले आहे, आणि तो बदलावा लागेल.

थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या, केबलबद्दल थोडक्यात सांगतो. तिच्यात पुष्कळदा पिळाच्या तारेऐवजी एकच जाड तार असते, कारण ती ओढते तशी ढकलतेही. ती एकदा कोपऱ्यात मुडपली की सरळ करून उपयोग होत नाही, ती बदलावी. पिळाची तार असेल आणि फक्त निपल निघाले असेल, तर चांगला कारागीर नवे निपल डाख देऊन बसवतो. कापण्याच्या जागी तारेला आधी डाख पाजून मगच कापावी, म्हणजे तंतू उसवत नाहीत. निपलमधून आलेले टोक फुलासारखे थोडे उलगडावे आणि डाख आतपर्यंत उतरू द्यावा. तार लाल होईपर्यंत तापवली तर तिचा ताठपणा जातो, आणि आम्लाचा फ्लक्स धुतला नाही तर ती आतून गंजते. बसवताना पट्टीचा स्क्रू ढिला करून, हँडलवरचा खटका आणि कार्ब्युरेटरकडची भुजा दोन्ही सर्वाधिक वेगाच्या स्थानावर आणून मग स्क्रू आवळावा. चोकही त्याच खटक्यावर असेल, तर चोकच्या स्थानावर तो पूर्ण बंद होतो का, तेही पाहावे. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगला हात लावू नये. पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकी मानकात मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर, ही कमाल मर्यादा आहे. २१ इंची पात्याला ती मिनिटाला साधारण ३,४५० फेऱ्यांनाच गाठली जाते.

चाकांच्या केबलच्या टोकाला स्प्रिंग असते. खटका निम्मा दाबल्यावर ती ताणायला लागली, तर जुळवणी बरोबर आहे. खटका सोडल्यावर यंत्र मागे सहज ओढता आले पाहिजे. चाके फिरवणारा पट्टा झिजला असताना केबल आवळत राहिल्यास तात्पुरते काम होते, पण पट्टा सतत घासून जळतो, म्हणून नट शेवटपर्यंत आवळला गेलेला दिसला की आधी पट्टा बदलावा.

तेलाबाबत आपण विचारलेले नाही, पण हा प्रश्न नव्या केबलनंतर हमखास येतो. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नये. पुण्यासारख्या धुळीच्या गावात ते दोन महिन्यांत चिखलासारखे होते. अस्तर नसलेली केबल सुटी करून उभी टांगावी, वरच्या टोकाला कागदाचा कोन बांधून त्यात पातळ तेल ओतावे आणि ते खालून स्वच्छ येईपर्यंत तार हलवत राहावे. हे ऑक्टोबरात, शेवटच्या कापणीनंतर करावे, कारण पावसाळ्यात आत गेलेले पाणी पुढचे आठ महिने तिथेच बसून तार गंजवत असते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे मी हेच काम हंगामाच्या मध्यावरही एकदा करायला सांगतो. आणि यंत्र कोठारात ठेवताना हँडल दुमडावेच लागत असेल, तर दुमडण्यापूर्वी केबल बोटाने सांध्याबाहेर काढून घेण्याची सवय माळीकाकांना लावा. नव्या केबलचे आयुष्य त्यावर सर्वाधिक अवलंबून राहील.